जंतूंच्या पोटांतील गोळे

१९८२ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत अमेरिकेंतील ‘सायन्स’ या साप्ताहिकांत एक लहानसा निबंध प्रसिद्ध झाला. एली लिली या औषधें तयार करणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेंतील विल्यम्स व त्यांचे सहकारी यांनीं तो लिहिला होता. मानवी इन्शुलिन तयार करण्याच्या कामास जुंपलेल्या जंतूंचें अंतरंग इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकांतून कसें दिसतें याचें त्यांत वर्णन होतें. एरवीं या जंतूंचें पोट थोडेंफार एकसारखें, दाणेदार दिसावयाचें. येथें मात्र त्यांत भरीव असे गोळे बसलेले स्पष्ट दिसत होते. आणि ते इतके मोठे कीं, कांहीं जंतूंच्या शरीराचा पांचवा हिस्सा त्यांनींच व्यापलेला होता.

त्या गोळ्यांत काय होतें? ज्या द्रव्यासाठीं हा सारा खटाटोप मांडला होता तेंच द्रव्य त्यांत ठासून भरलेलें होतें. परंतु ज्या स्थितींत तें हवें त्या स्थितींत तें नव्हतें. पाण्यांत न विरघळणारें, घट्ट, एकमेकांत गुंतून बसलेलें असें तें प्रथिन होतें. आणि तें तसेंच मधुमेही मनुष्यास टोंचलें असतें तर त्याच्या रक्तांतील साखर गुंजभरहि उतरली नसती. अशा गोळ्यांस इंग्रजींत ‘इन्क्लूजन बॉडी’ म्हणतात. नांव जुनें आहे, आणि तें रोगशास्त्राकडून उसनें घेतलेलें आहे. १९०३ सालीं अडेल्की नेग्री या इटालियन शास्त्रज्ञास पिसाळलेल्या जनावरांच्या मेंदूंतील पेशींत विशिष्ट कण आढळले. पुढें कित्येक वर्षें कुत्रें पिसाळलेलें होतें कीं नाहीं याचा निवाडा ते कण दिसतात कीं नाहीं यावरून होत असे. त्या कणांसहि हेंच नांव होतें. म्हणून औषध करणाऱ्या जंतूंच्या पोटांत गोळे दिसूं लागले तेव्हां नांव शोधण्याची अडचण पडली नाहीं. खरी अडचण निराळीच होती : हें प्रथिन असें गोळा होऊन कां बसतें, आणि त्यास पुन्हां माणसांत कसें आणावयाचें?

इन्शुलिनच्या शोधाची कथा पुष्कळांस ठाऊक असते. १९२१ च्या उन्हाळ्यांत कॅनडांतील टोरोंटो विद्यापीठांत बँटिंग व बेस्ट यांनीं कुत्र्यांच्या स्वादुपिंडापासून रक्तांतील साखर उतरविणारा अर्क काढला. जानेवारी १९२२ मध्यें लेनर्ड थॉम्सन नांवाच्या १४ वर्षांच्या मुलास तो प्रथम टोंचण्यांत आला. पहिला अर्क अशुद्ध असल्यानें त्याचा फारसा उपयोग झाला नाहीं. परंतु कॉलिप यांनीं शुद्ध केलेला अर्क थोड्याच दिवसांनीं दिल्यावर मुलगा सावरला. त्यापूर्वीं लहान वयांत मधुमेह जडलेल्या मुलाचें भवितव्य ठरलेलें असे. अर्धपोटीं ठेवून कांहीं महिने, फार तर वर्ष दोन वर्षें, त्याचें आयुष्य लांबवितां येई. आईबापांनीं स्वतःच्या हातानें मुलास उपाशी ठेवावयाचें, आणि तेंहि तें वांचेल म्हणून नव्हे, तर थोडें उशिरां जाईल म्हणून, याहून क्रूर उपचार वैद्यकाच्या इतिहासांत थोडेच सांपडतील. अर्काच्या शोधानें तो संपला.

पण अर्क येणार कोठून? कत्तलखान्यांतून. डुकरांचीं व गुरांचीं स्वादुपिंडें गोठवून कारखान्यांत आणावीं, कुटावीं, आणि त्यांतून इन्शुलिन काढावें, अशी रीति पन्नास-साठ वर्षें चालू होती. अवघें आठ औंस शुद्ध इन्शुलिन मिळविण्यास डुकरांचे दोन टनांहून अधिक अवयव लागत. शिवाय जनावराचें इन्शुलिन माणसाच्या इन्शुलिनसारखें असलें तरी तेंच नव्हे. डुकराच्या इन्शुलिनमध्यें एका ठिकाणीं फरक, गाईच्या इन्शुलिनमध्यें तीन ठिकाणीं. कांहीं रोग्यांस तें सोसत नसे. आणि मधुमेह्यांची संख्या तर वाढतच चाललेली. १९७० नंतरच्या दशकांत जाणत्या लोकांस ही काळजी लागूं लागली होती कीं, लोकांनीं किती मांस खावें यावर ज्याचा पुरवठा अवलंबून आहे असें औषध पुढें सर्वांस पुरणार कसें?

या काळजीचें उत्तर जंतूंकडून मिळालें. परंतु तें समजण्यापूर्वीं प्रथिन म्हणजे काय हें थोडें पाहिलें पाहिजे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओंवलेली माळ. केंब्रिज येथील फ्रेडरिक सँगर यांनीं वर्षानुवर्षें खपून १९५५ पर्यंत इन्शुलिनमधील मण्यांचा क्रम संपूर्ण लावला. त्यांत दोन माळा निघाल्या, एक २१ मण्यांची व दुसरी ३० मण्यांची. दोहोंस गंधकाच्या दोन दुव्यांनीं एकत्र जखडलेलें, आणि लहान माळेंत तिचा स्वतःचा आणखी एक दुवा. पण माळ नुसती ओंवली म्हणजे काम भागत नाहीं. ती विशिष्ट रीतीनें वळली, दुमडली, गंधकाचे दुवे नेमक्या जागीं बसले, तरच ती शरीरांत आपलें काम करूं लागते. घडी चुकली कीं प्रथिन निकामी झालें. अंड्याचें पांढरें उकळलें म्हणजे घट्ट होतें, दह्याची कढी मोठ्या आंचेवर फुटते, हे रोजचे स्वयंपाकघरांतले अनुभव म्हणजे प्रथिनांच्या घड्या मोडल्याचेच प्रकार होत. चीनमधील हसिएन वू या शास्त्रज्ञानें १९३१ सालींच हें तत्त्व मांडलें होतें.

फुटलेली कढी पूर्ववत् होत नाहीं हें कोणतीहि सुगरण सांगेल. मग प्रथिनाची मोडलेली घडी पुन्हां बसते काय, आणि बसलीच तर ती कशी बसवावी हें माळेस बाहेरून कोणी शिकवावें लागतें काय? या प्रश्नाचा निकाल अमेरिकेंतील बेथेस्डा येथें ख्रिश्चन आन्फिन्सेन व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ च्या सुमारास लावला. त्यांनीं रायबोन्यूक्लीएज नांवाचें १२४ मण्यांचें प्रथिन घेतलें. त्यांत गंधकाचे चार दुवे असतात. भरपूर युरिया घालून त्यांनीं त्याच्या घड्या मोडल्या, दुसऱ्या एका द्रव्यानें गंधकाचे दुवे तोडले, आणि मग हीं दोन्ही द्रव्यें हळूहळू काढून टाकलीं. प्रथिन पुन्हां काम करूं लागलें! गंधकाच्या त्या आठ टोकांच्या जोड्या १०५ प्रकारांनीं लागूं शकतात, आणि त्यांतील एकच प्रकार बरोबर असतो. कोणीहि मार्गदर्शन न करतां माळेनें नेमका तोच निवडला. घडीचें सारें ज्ञान मण्यांच्या क्रमांतच सांठविलेलें असतें असा याचा अर्थ झाला. आणि या शोधाबद्दल आन्फिन्सेन यांस १९७२ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक, दोघां भागीदारांसह, मिळालें.

इन्शुलिनच्या बाबतींत तर याहून अवघड काम होतें, कारण तेथें एक नव्हे तर दोन माळा एकत्र आणावयाच्या. १९६० सालीं डिक्सन व वॉर्डलॉ या दोघांनीं, तेंहि पुन्हां टोरोंटोमध्येंच, सुट्या केलेल्या दोन निर्जीव माळांपासून पुन्हां थोडें सजीव इन्शुलिन मिळविलें. त्याच सुमारास चीनमधील शास्त्रज्ञांनीं ही रीति बरीच सुधारली, आणि १९६५ मध्यें गाईच्या इन्शुलिनच्या दोन्ही माळा रसायनशाळेंत स्वतः ओंवून त्यांचे स्फटिक तयार केले. पुढें अमेरिकन कंपन्यांचा जो गाजावाजा झाला त्यांत या चिनी कार्याची आठवण फारशी कोणी काढली नाहीं. वस्तुतः दोन माळा निरनिराळ्या करून मागाहून त्या जोडतां येतात हें आधीं सिद्ध झालेलें नसतें, तर १९७८ चा प्रयोग त्या पद्धतीनें करण्याचें धाडस कोणी केलें नसतें.

१९७३ सालीं कोहेन व बॉयर यांनीं एका प्राण्याचें जनुक जंतूमध्यें घालण्याची युक्ति साधली. जंतु निवडला तो माणसाच्या आंतड्यांत राहणारा ई. कोलाय, हा दर वीस मिनिटांस एकाचे दोन होतो आणि खाण्यापिण्याचे फारसे चोचले करीत नाहीं. या शोधाबरोबर भीतीहि आली. नवा एखादा रोग प्रयोगशाळेंतून निसटेल अशी शंका खुद्द शास्त्रज्ञांनींच बोलून दाखविली. १९७६ सालीं हार्वर्ड विद्यापीठ ज्या केंब्रिज शहरांत आहे तेथील नगरसभेनें असे प्रयोग कांहीं काळ बंद पाडले. सरकारी निर्बंधहि कडक झाले. पुढें हार्वर्डचे गिल्बर्ट यांच्या तुकडीस मानवी इन्शुलिनच्या जनुकासाठीं इंग्लंडांतील पोर्टन डाउन येथील लष्करी बंदोबस्ताच्या प्रयोगशाळेंत जावें लागलें. प्रत्येक वेळीं कपडे बदलून, स्नान करून आंतबाहेर करावयाचें. आणि इतकें करून अखेरीस हातीं लागलें तें माणसाचें जनुक नव्हेच, पूर्वीच्या प्रयोगांतील उंदराचेंच!

कॅलिफोर्नियांत मात्र निराळी वाट निवडण्यांत आली होती. १९७६ मध्यें बॉयर व स्वॉन्सन नांवाचे तरुण भांडवलदार यांनीं जेनेन्टेक ही कंपनी काढली. माणसाच्या शरीरांतून जनुक काढण्याऐवजीं तें रसायनशाळेंत अक्षरशः अक्षर जुळवून तयार करावयाचें असें त्यांनीं ठरविलें. अशा कृत्रिम जनुकास ते निर्बंध तितकेसे आड येत नव्हते. हें काम ‘सिटी ऑफ होप’ या रुग्णालयाच्या संशोधनशाळेंतील इताकुरा व रिग्ज यांच्याकडे होतें. प्रथम त्यांनीं सोमॅटोस्टॅटिन नांवाचें अवघ्या १४ मण्यांचें द्रव्य करून पाहण्याचें योजिलें.

पहिला प्रयोग साफ फसला. जनुक जंतूंत शिरलें, सर्व कांहीं यथास्थित झालें, परंतु शोधून पाहतां सोमॅटोस्टॅटिनचा मागमूस नाहीं. जंतूंनीं तें खाऊन टाकलें होतें. लहान, परकें, घडी न बसलेलें असें प्रथिन पोटांत दिसलें कीं त्याचे तुकडे करणारे एन्झाइम जंतूपाशीं तयारच असतात. तेव्हां एक युक्ति काढण्यांत आली. बीटा-गॅलॅक्टोसिडेज हें जंतूचें स्वतःचें हजारांहून अधिक मण्यांचें प्रथिन आहे. त्याच्या शेंपटास ही इवलीशी माळ जोडून दिली. जंतूस वाटलें, आपलेंच प्रथिन आहे! मधल्या जोडावर मेथिओनीन नांवाचा मणी ठेवला होता, आणि सायनोजेन ब्रोमाइड हें द्रव्य नेमकें त्या मण्याशींच माळ तोडतें. सोमॅटोस्टॅटिनमध्यें स्वतःचें मेथिओनीन नसल्यामुळें तें अखंड सुटून बाहेर आलें. हें १९७७ सालीं घडलें. योगायोग असा कीं, मानवी इन्शुलिनच्या दोन्ही माळांतहि मेथिओनीनचा एकहि मणी नाहीं.

मग तीच युक्ति इन्शुलिनला लावण्यांत आली. गोएडेल व त्यांचे सहकारी यांनीं एका जातीच्या जंतूंकडून लहान माळ, दुसऱ्या जातीच्या जंतूंकडून मोठी माळ, अशा दोन्ही त्या मोठ्या प्रथिनाच्या शेंपटास जोडून करवून घेतल्या. त्या तोडल्या, शुद्ध केल्या, आणि ऑगस्ट १९७८ मध्यें परीक्षानळींत एकत्र केल्या. ६ सप्टेंबर रोजीं मानवी इन्शुलिन जंतूंकडून मिळाल्याची वार्ता जाहीर झाली. वर्तमानपत्रांनीं जंतूंच्या कारखान्याचें वर्णन केलें. पुढल्या वर्षीं प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय निबंधांत मात्र एक बारीकसा उल्लेख होता, ज्याकडे वर्तमानपत्रांचें लक्ष जाण्याचें कारण नव्हतें. जंतु फोडून तें मिश्रण यंत्रांत मंद वेगानें फिरविलें असतां जोडप्रथिन वरच्या पाण्यांत राहत नाहीं, तें पहिल्याच सांक्यांत तळाशीं बसतें, असें त्यांत म्हटलें होतें. हेच ते गोळे. जंतु आपलें म्हणून जपत होता खरें, पण तें गुंडाळून कोपऱ्यांत टाकलेल्या बोचक्यासारखें.

असें होईल याची चाहूल आधींहि लागलेली होती. १९७५ सालीं हार्वर्डमधील प्राउटी, कार्नोव्स्की व गोल्डबर्ग यांनीं ई. कोलाय जंतूंना कॅनॅव्हॅनीन खाऊं घातलें होतें. हें द्रव्य अबईच्या जातीच्या शेंगांच्या बियांत असतें, आणि आर्जिनीन या मण्याशीं त्याचें इतकें साम्य आहे कीं जंतु फसून तेंच माळेंत ओंवतो. अशा खोट्या मण्यांच्या माळांची घडी नीट बसत नाहीं; आणि त्या बिघडलेल्या प्रथिनांचे कण जंतूंच्या पोटांत सांचलेले या तिघांस दिसले. त्यांचा हेतु औषधें करण्याचा नव्हता. पेशी आपल्या घरांतला केर कसा काढते एवढेंच त्यांस पाहावयाचें होतें. सात वर्षांनीं लिलीच्या शास्त्रज्ञांपुढें तेंच दृश्य उभें राहिलें, फक्त या खेपेस केर म्हणजेच माल होता.

कारखानदारीच्या दृष्टीनें पाहतां गोळ्यांचे फायदे लहान नव्हते. गोळ्यांतील प्रथिनाला एन्झाइमांचा दांत सहसा लागत नाहीं. तें निर्जीव स्थितींत असल्यामुळें जंतूस त्याची बाधा होत नाहीं. आणि गोळे जड असल्यानें जंतु फोडून मिश्रण फिरविलें कीं पहिल्याच झपाट्यांत बाकीच्या शेंकडों प्रथिनांपासून ते वेगळे होतात. एवढी शुद्धता दुसऱ्या कोणत्याहि एका कृतीनें इतक्या स्वस्तांत मिळत नाहीं. तोटा एकच, पण तो सर्व फायद्यांवर पाणी ओतणारा. गोळा म्हणजे औषध नव्हे. त्यांतील एकूण एक माळ सोडवून, उलगडून, पुन्हां नीट वळवावी लागते.

लिलीच्या कारखान्यांत तें काम पायरीपायरीनें होई. बीटा-गॅलॅक्टोसिडेजच्या जोडप्रथिनांत शंभर भागांत जेमतेम दोन भाग उपयोगी माळ, बाकी सारा वाहक. म्हणून ट्रिप्टोफॅनच्या जनुकांपासून घेतलेला लहान वाहक वापरण्यांत आला. जोड तोडल्यावर माळांच्या गंधकाच्या टोकांना सल्फाइटच्या साहाय्यानें टोप्या चढवीत, म्हणजे वाटेंत तीं टोकें भलत्याच ठिकाणीं जुळूं नयेत. मग दोन्ही माळा निरनिराळ्या शुद्ध करून, टोप्या उतरवून, त्यांची गांठ घालून द्यावयाची. सगळ्याच माळांना योग्य जोडीदार मिळे असें नाहीं; उरलेल्यांना पुन्हां टोप्या घालून परत रांगेंत उभें करावें लागे. या मार्गानें तयार झालेलें इन्शुलिन १९८० सालीं लंडनच्या गाय्ज रुग्णालयांत निरोगी माणसांवर प्रथम अजमावण्यांत आलें, आणि ऑक्टोबर १९८२ मध्यें अमेरिकन सरकारनें ‘ह्युम्युलिन’ या नांवानें तें विकण्यास परवानगी दिली. जंतूंत परकें जनुक घालून केलेलें तें पहिलें औषध.

१९८६ पासून लिलीनें दोन माळांचा हा संसार सोडून दिला. शरीरांत इन्शुलिन दोन तुकड्यांत जन्मत नाहीं, हें शिकागोच्या स्टायनर यांनीं १९६७ मध्येंच दाखविलें होतें. तें ८६ मण्यांच्या एकाच लांब माळेच्या रूपानें जन्मतें, घडी बसते, आणि मग मधला भाग कापून काढला जातो. जंतूंकडून तीच लांब माळ करून घ्यावी, गोळ्यांतून सोडवून तिची घडी बसवावी, आणि नंतर एन्झाइमांनीं मधला भाग कापावा, हें अधिक सोयीचें ठरलें. निसर्गाचा क्रम सोडून शहाणपणा करावयास गेल्यानें कष्ट वाढले होते, तो क्रम धरतांच ते कमी झाले.

घडी बसविण्याच्या या कामांतील मुख्य शत्रु म्हणजे गर्दी. गोळे प्रथम तीव्र युरियाच्या किंवा ग्वानिडीनच्या द्रावणांत विरघळवितात; तेथें माळा पूर्णपणें उलगडून मोकळ्या होतात. आतां तें द्रावण पाण्यानें सौम्य केलें कीं घडी बसूं लागते. पण त्याच क्षणीं दुसरीहि एक क्रिया सुरू होते. उलगडलेल्या माळेचे पाण्यास भिणारे, तेलकट स्वभावाचे भाग उघडे पडलेले असतात. नीट घडींत ते आंत दडतात. परंतु घडी पुरी होण्यापूर्वीं शेजारीं दुसरी अर्धवट माळ भेटली तर हे भाग एकमेकांना चिकटतात. दोहोंस तिसरी, तिसरीस चवथी, आणि पुन्हां गोळा! एकटी माळ स्वतःशींच वळते, तिच्या वेगाचा शेजाऱ्यांशीं संबंध नसतो. चिकटण्यास मात्र दोघी लागतात, म्हणून गर्दी दुप्पट झाली तर चिकटण्याचा वेग दुपटीहून किती तरी वाढतो. १९९१ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील मिशेल गोल्डबर्ग यांनीं जर्मनीच्या रुडॉल्फ व येनिके यांच्यासह अंड्यांतील लायसोझाइम या प्रथिनावर प्रयोग करून ही शर्यत आंकड्यांनीं मांडून दाखविली. त्यांतून कारखान्यांनीं घ्यावयाचा धडा साधा आणि खर्चाचा होता : पाणी भरपूर वापरा. मुठीएवढ्या मालासाठीं हौदच्या हौद भरावे लागतात, आणि मग तें पाणी पुन्हां काढून टाकावें लागतें. आर्जिनीन घातल्यास चिकटणें कमी होतें, ग्लुटाथायोनच्या दोन रूपांचें मिश्रण घातल्यास गंधकाचे चुकलेले दुवे सुटून पुन्हां जुळण्यास संधि मिळते, असे कांहीं उपाय सांपडले. पण प्रत्येक प्रथिनाची तऱ्हा निराळी. एकाचा कित्ता दुसऱ्यास गिरवितां येत नाहीं. या क्षेत्रांतील जुने लोक याला शास्त्रापेक्षां कलाच अधिक मानीत, तें अगदींच खोटें नाहीं.

आन्फिन्सेन यांचें म्हणणें जर खरें, तर जंतूच्या पोटांतच घडी कां बसूं नये? कारण जंतूचें पोट म्हणजे स्वच्छ परीक्षानळी नव्हे. तेथें आधींच प्रथिनांची दाटी, त्यांत माणसानें हुकूम सोडून एकाच परक्या प्रथिनाच्या माळा सपाट्यानें ओंववून घेतलेल्या. शिवाय तेथील रसायन असें कीं गंधकाचे दुवे जुळूंच देत नाहीं. एम्. आय्. टी. मधील जोनाथन किंग यांनीं जंतुभक्षक विषाणूच्या शेपटीचें एक प्रथिन घेऊन दाखविलें कीं, गोळे होतात ते पुऱ्या घडलेल्या प्रथिनांचे नव्हेत, तर घडीच्या वाटेवर असलेल्या अर्धवट माळांचे. वाटेवर उष्णता जास्त असली तर माळा भरकटतात. उष्णता कमी ठेवली तर पुष्कळशा सुखरूप पोंचतात. म्हणूनच जंतूंना ३७ अंशांऐवजीं बऱ्याच थंड जागीं वाढविल्यास कांहीं प्रथिनें गोळा न होतां विरघळलेल्या स्थितींत मिळतात.

आणि आणखी एक गोष्ट उघडकीस आली. पेशींत या अर्धवट माळांस सांभाळणारीं वेगळीं प्रथिनें असतात. १९७०-७५ च्या सुमारास जॉर्गोपूलॉस व इतर शास्त्रज्ञांस असे कांहीं ई. कोलाय जंतु सांपडले होते कीं त्यांच्या पोटांत विषाणूचें डोकें धड बांधलेंच जात नसे. त्या जंतूंत जें एक जनुक बिघडलेलें होतें त्यास ‘ग्रो-ई’ नांव पडलें. १९८९ मध्यें लॉरिमर व त्यांचे सहकारी यांनीं परीक्षानळींत दाखवून दिलें कीं, याच जनुकाचें प्रथिन उलगडलेल्या माळेस आपल्याजवळ घेतें आणि घडी बसण्यास साहाय्य करतें. पुढें त्याची आकृति दिसली ती एखाद्या पोकळ पिंपासारखी. एक माळ आंत घ्यावयाची, झांकण लावावयाचें, आणि गर्दीपासून दूर तिला निवांतपणें घडूं द्यावयाचें. अशा प्रथिनांस इंग्रजींत ‘शॅपरोन’ म्हणतात, म्हणजे तरुण मुलीबरोबर समारंभास जाणारी पोक्त बाई. मराठींत याहून नेमका शब्द तयारच आहे : पाठराखीण. नव्या नवरीबरोबर सासरीं जाऊन ती रुळेपर्यंत राहावयाचें आणि मग परत यावयाचें, हेंच त्यांचें काम. सासरची मंडळी एकाएकीं फार झाली, म्हणजे एका परक्या प्रथिनाच्या हजारों माळा एकदम जन्मल्या, कीं पाठराखिणी पुऱ्या पडत नाहींत.

मधल्या काळांत गोळ्यांतून निघालेल्या मालाची यादी लांबत गेली होती. चीज करण्यासाठीं दूध विरजावें लागतें तें वासराच्या चौथ्या कोठ्यांतील कायमोसीननें. १९८४ मध्यें इंग्लंडांतील सेलटेक कंपनीच्या मार्स्टन व सहकाऱ्यांनीं जंतूंच्या गोळ्यांतून त्याचें पूर्वरूप सोडवून घडविण्याची रीति प्रसिद्ध केली, आणि १९९० मध्यें अमेरिकेंत जंतूंपासून केलेल्या कायमोसीनला परवानगी मिळाली. अन्नांत वापरण्यास परवानगी मिळालेलें अशा प्रकारचें तें पहिलें एन्झाइम. १९९१ मध्यें रक्तांतील पांढऱ्या पेशी वाढविणारें फिल्ग्रास्टिम, १९९६ मध्यें हृदयाच्या रक्तवाहिनींतील गुठळी विरघळविणारें रेटेप्लेज, हींहि गोळ्यांतूनच बाहेर आलीं. इंटरफेरॉन-बीटाच्या बाबतींत सीटस कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं वेगळीच हुशारी केली. त्या माळेंत गंधकाचीं तीन टोकें, म्हणजे एक विषम. तें भलत्याशींच जुळून घडी बिघडवी. त्यांनीं सतराव्या जागेवरचा गंधकाचा मणीच काढून तेथें दुसरा बसविला, भांडणाचें मूळच उपटलें. हें औषध १९९३ पासून मज्जासंस्थेच्या एका दुर्धर रोगावर वापरांत आलें.

गोळ्यांचा त्रास टाळावयाचा तर जंतूच बदलावा, असेंहि कित्येकांनीं केलें. डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीनें १९८७ मध्यें यीस्टकडून मानवी इन्शुलिन करवून घेतलें. यीस्ट आपलें प्रथिन घडवून बाहेर सोडतें, गोळे करीत नाहीं. भारतांत २००३ सालीं मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीनें इन्शुलिन बाजारांत आणलें तेंहि यीस्टच्याच मार्गानें. तरीहि ई. कोलाय मागें पडला नाहीं. तो झपाट्यानें वाढतो, आणि गोळ्यांत माल भरपूर सांठवितो. घडी बसवितांना निम्मा माल वायां गेला तरी कित्येकदां हिशेब जमतो.

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं बार्सिलोना येथील व्हेंतुरा, व्हिल्लाव्हेर्दे इत्यादि शास्त्रज्ञांनीं या गोळ्यांकडे पुन्हां नव्यानें पाहिलें. ते केवळ अस्ताव्यस्त गुंते नाहींत, त्यांत विस्मृतीच्या रोगांत मेंदूंत सांचणाऱ्या अमिलॉइड तंतूंसारखी एक शिस्तीची रचना असते, असें आढळलें. कांहीं गोळ्यांतील प्रथिनें तर गोळ्यांत असतांहि थोडेंबहुत काम करीत होतीं. विल्यम्स यांच्या फोटोंत जो ढीग मृत वाटला होता त्यांत कांहीं धुगधुगी होती तर.

१९९६ मध्यें बाजारांत आलेलें इन्शुलिन लिस्प्रो आणि २००० मध्यें आलेलें इन्शुलिन ग्लार्जिन, हीं दोन्ही माणसाच्या मूळ इन्शुलिनमध्यें एकदोन मण्यांची अदलाबदल किंवा भर करून तयार केलेलीं आहेत. एक जेवणाच्या वेळीं झटपट काम करतें, दुसरें दिवसभर हळूहळू पुरतें. दोन्ही ई. कोलायकडूनच करवून घेतलीं जातात. ग्लार्जिनचें पूर्वरूप आजहि त्या जंतूंच्या पोटांत गोळ्यांच्या रूपानें सांचतें. जंतु फोडून, सांका धुऊन, तो विरघळवून, भरपूर पाण्यांत त्याच्या घड्या बसविल्यावरच मधला भाग कापण्याचें काम सुरू होतें.